केसरबाई : कोल्हापूर ते व्हॉयेजर

सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल लिहिता लिहिता आमच्या रूम-पार्टनरने एक गाणं लावलं. ब्लाइंड विली जॉन्सन नावाचा टेक्सासचा एक आंधळा गायक. १९२७ च्या डिसेंबरमध्ये डलासला पहिल्यांदाच रेकॉर्डिंगला बसला आणि त्याच दिवशी हे गायला. शब्द नाहीतच, नुसतं गुणगुणणं आणि गिटारच्या तारेवरून घासत जाणारा सूर. अंगावर काटाच आला! पार्टनर म्हणे, हे गाणं व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलंय. शोधलं तर त्या तबकडीवर विलीच्या अगदी आधी कोण? आपल्या केसरबाई केरकर!

आपल्या का, तर त्यांच्या गाण्याची एक वाट आपल्या कोल्हापुरातून जाते म्हणून. जन्म १८९२ चा, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. देवळाशी बांधलेल्या कलावंत समाजातली मुलगी. घरी गाणं होतं, पण मान नव्हता. आठव्या वर्षी ती कोल्हापूरला आली आणि अब्दुल करीम खाँसाहेबांकडे आठ महिने शिकली. पुढे रामकृष्णबुवा वझे, मुंबईत बर्कतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले. एक गुरू धरावा तर तो गाव सोडून जायचा, नाहीतर तालीम मध्येच तुटायची. आपले एका विषयाला दोन सर बदलले तर आपण बोंबलतो, इथे वीस वर्षं हेच चाललं होतं.

केसरबाईंना हवे होते अल्लादिया खाँसाहेब. शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक. खाँसाहेबांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तरुणपणी अति गाऊन त्यांचा आवाज बसला. मूळचा गोडवा परत येईना, तेव्हा उरलेल्या जड आवाजाला जमेल अशी गायकीच त्यांनी नव्याने घडवली. लयीला धरून चालणाऱ्या गुंतागुंतीच्या ताना, लांब दमसास, अनवट राग. थोडक्यात, मटेरियल बदललं म्हणून डिझाइन बदललं!

त्यांची तालीम मिळणं सोपं नव्हतं. शेवटी १९२१ साली, म्हणजे वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, केसरबाई त्यांच्या शागीर्द झाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आधीचं गाणं बाजूला ठेवून तासन् तास पलटे. नाव होऊ शकलं असतं अशा वयात असं करायला छाती लागते. १९४६ मध्ये खाँसाहेब गेले तोपर्यंत ही तालीम चालू होती.

मग मात्र त्यांच्या तोडीचं गाणं क्वचितच कुठे होतं. आकार खणखणीत, दम संपतच नाही असा, आणि स्वभावही तसाच. बिदागी आणि मान दोन्ही ठणकावून घेणार, मैफलीत कुजबुज चालणार नाही. लोक त्यांना गर्विष्ठ म्हणत. मला नाही तसं वाटत. ज्या समाजातल्या बाईला गाण्याबद्दल टाळ्या मिळायच्या पण घरात बरोबरीची जागा नाही, तिने अट घालायची नाही तर कुणी? पुढे १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं.

विद्या वाटण्यात मात्र हात आखडता. शिकवलं ते जवळजवळ एकीलाच, आणि ती कोल्हापूरची! धोंडूताई कुलकर्णी. त्या आधी खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडे इथेच शिकलेल्या. रेकॉर्डही थोड्याच. तासभर फुलणारा राग तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत कोंबायचा म्हणजे पूर्ण पेपर एका पानात लिहिण्यासारखं.

आणि नेमकी तशीच एक छोटी भैरवी, ‘जात कहाँ हो’, रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत अभ्यासकाच्या सांगण्यावरून कार्ल सेगन यांच्या समितीने निवडली. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची बारा इंची तबकडी, मिनिटाला १६⅔ फेरे. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला, अवघ्या अकरा दिवसांनी. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं.

आपल्याकडे भैरवी झाली की मैफल संपली. त्या तबकडीवर मात्र केसरबाईंची भैरवी थांबते आणि लगेच विलीची गिटार सुरू होते. पार्टनरने त्या रात्री दोन्ही लागोपाठ लावली. फाइल तशीच राहिली.