कॉर्कचा रोरी आणि पाच वर्षांनंतरचा अल्बम

कॉर्क शहरात पॉल स्ट्रीटला लागून एक छोटा चौक आहे, रोरी गॅलहर प्लेस. चौकात धातूचं एक शिल्प आहे, पीळ घातल्यासारखी वाकलेली गिटार. आयटी आणि औषध कंपन्यांमुळे कॉर्कमध्ये आता आपली बरीच मंडळी आहेत. त्यातल्या बहुतेकांना हा चौक 'सुपरमार्केटसमोरचा' एवढाच माहीत असतो. नाव इंग्रजीत वाचून आपण 'गॅलाघर' म्हणतो, पण इथे मधला 'घ' कोणी उच्चारत नाही. गॅलहर. टॅक्सीवाल्याकडे चुकीचा उच्चार केलात तर तो आधी सुधारतो आणि मग पुढची वीस मिनिटं रोरीबद्दलच बोलतो.

रोरी गॅलहर १९९५ मध्ये गेला, वय सत्तेचाळीस. आपल्याकडे रॉक ऐकणाऱ्यांना क्लॅप्टन माहीत असतो, हेंड्रिक्स माहीत असतो, यू-टू तर असतोच. रोरी सहसा नसतो. याचं एक साधं कारण म्हणजे रेडिओवर वाजतील अशी सुटी गाणी, म्हणजे सिंगल्स, काढायला तो तयार नसायचा. ऐकायचं तर पूर्ण अल्बम ऐका, नाहीतर कार्यक्रमाला या, असा त्याचा हिशेब. या हट्टाची किंमत त्याने आयुष्यभर दिली. १९८२ ते १९८७ या पाच वर्षांत त्याचा एकही नवा अल्बम आला नाही. मग 'डिफेंडर' आला. मला मुळात त्या अल्बमबद्दल सांगायचंय, पण त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

जन्म २ मार्च १९४८, डोनेगल काउंटीतल्या बॅलीशॅनन गावात. वडील तिथल्या अर्न नदीवरच्या जलविद्युत प्रकल्पावर कामाला होते आणि अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. मग काही वर्षं डेरीत गेली. त्यानंतर आई मोनिका दोन्ही मुलांना, रोरीला आणि धाकट्या डोनलला, घेऊन कॉर्कला माहेरी आली. मॅककर्टन स्ट्रीटवर तिच्या घरच्यांचा पब होता, वरच्या मजल्यावर हे राहायचे. घरात रेडिओ होता. आपल्या आजोबांच्या पिढीने बिनाका गीतमालेसाठी रेडिओ सिलोन लावला, तसं या पोराने रेडिओ लक्झेंबर्ग आणि अमेरिकी सैनिकांसाठी चालणारं स्टेशन लावलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ब्लूज संगीत त्याला तिथे सापडलं. शिकवायला कोणी नव्हतं. ऐकायचं आणि बोटांनी शोधायचं.

नवव्या वर्षी पहिली गिटार मिळाली. पंधराव्या वर्षी, १९६३ च्या ऑगस्टमध्ये, कॉर्कच्या क्रॉलीज दुकानात त्याला १९६१ ची एक सेकंडहँड फेंडर स्ट्रॅटोकास्टर दिसली. किंमत शंभर पौंड. त्या काळातल्या आयरिश घरासाठी ही रक्कम भलतीच मोठी होती. दुकानाने हप्त्यावर दिली. एकाच वाद्यावर मी ताल आणि मुख्य सूर दोन्ही वाजवीन, म्हणजे दुसऱ्या वादकाचा खर्च वाचेल, असं काहीसं सांगून त्याने आईची समजूत काढली म्हणतात. मराठी आई असती तर तिने आधी दहावीचे मार्क विचारले असते.

हप्ते फेडायचे तर कमाई हवी, म्हणून तो 'शोबँड'मध्ये शिरला. शोबँड म्हणजे आपल्याकडच्या ऑर्केस्ट्राचाच भाऊ. एकसारखे सूट घालायचे, गावोगावच्या डान्स हॉलमध्ये जायचं आणि लोकप्रिय गाणी जशीच्या तशी वाजवून दाखवायची. गणेशोत्सवात रात्री बारापर्यंत असं वाजवणारी पोरं ज्यांनी पाहिलीत, त्यांना सगळं लगेच कळेल. हात तयार होतो, पण स्वतःचं काही वाजवता येत नाही. १९६६ मध्ये रोरीने त्यातून बाहेर पडून 'टेस्ट' नावाचा स्वतःचा तिघांचा बँड काढला. त्याच वर्षी डब्लिनमध्ये ती स्ट्रॅटोकास्टर चोरीला गेली. काही दिवसांनी सापडली तेव्हा ती उघड्यावर पावसात भिजलेली होती. त्यानंतर त्याने ती शेवटपर्यंत सोडली नाही.

टेस्टची गोष्ट लवकर आटपली. कॉर्कहून बेलफास्ट, तिथून लंडन. १९६८ मध्ये क्रीम बँडच्या निरोपाच्या मैफलीत त्यांच्याआधी वाजवायचा मान, १९७० मध्ये आइल ऑफ वाइटच्या प्रचंड महोत्सवात तुफान प्रतिसाद, आणि त्याच वर्षाच्या शेवटी पैशांवरून आणि कारभारावरून फाटाफूट. १९७१ पासून तो स्वतःच्या नावाने वाजवू लागला. भाऊ डोनल मॅनेजर झाला. बेस गिटारला बेलफास्टचा जेरी मॅकअव्हॉय आला, तो वीस वर्षं टिकला. १९७१ ते १९८२ या काळात नऊ स्टुडिओ अल्बम आणि तीन लाइव्ह अल्बम. मडी वॉटर्स हा ब्लूजमधला भीष्माचार्य लंडनला रेकॉर्डिंग करायला आला, तेव्हा साथीला रोरी होता.

बेलफास्टबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. सत्तरच्या दशकात उत्तर आयर्लंड पेटलेलं होतं. बॉम्ब, गोळीबार, संचारबंदीसारखी रात्र. बाहेरचे कलाकार तिथे जायचं टाळत. रोरी मात्र जवळजवळ दरवर्षी नाताळ आणि नव्या वर्षाच्या सुमारास आयर्लंडचा दौरा करायचा आणि त्यात बेलफास्टचा अल्स्टर हॉल असायचाच. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही वस्त्यांमधली पोरं एका छताखाली यायची. जानेवारी १९७४ च्या दौऱ्यात बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कला केलेल्या रेकॉर्डिंगमधून 'आयरिश टूर' हा अल्बम झाला. यात धोका किती होता ते पुढच्याच वर्षी दिसलं. ३१ जुलै १९७५ च्या पहाटे मायामी शोबँडची गाडी उत्तरेतला कार्यक्रम करून डब्लिनला परतत होती. ती वाटेत अडवून तीन वादकांना ठार मारलं. रोरीने उत्तरेत जाणं थांबवलं नाही आणि याबद्दल भाषणंही केली नाहीत.

त्याच १९७५ च्या जानेवारीतली दुसरी गोष्ट चाहते हमखास सांगतात. रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक मिक टेलर बाहेर पडला होता आणि त्या जागेसाठी चाचपणी चालली होती. रोरीला रॉटरडॅमला बोलावलं. तो गेला, काही रात्री त्यांच्याबरोबर वाजवलं. पण त्याचा जपानचा दौरा ठरला होता, तिकिटं विकली गेली होती. तो जपानला निघून गेला. पुढे ती जागा रॉनी वुडला मिळाली. लोक याला चुकलेली संधी म्हणतात. मला तसं वाटत नाही. दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या सूटमध्ये वाजवणं त्याने शोबँडमध्ये करून पाहिलं होतंच.

पण हट्ट नेहमी इतका शोभून दिसत नाही. सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन रेकॉर्ड केलेला अख्खा अल्बम त्याने १९७८ मध्ये रद्द केला, कारण मिक्सिंग मनासारखं झालं नव्हतं. कंपनीचा पैसा गेला, बँडही त्याने बदलला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रिलीजच्या आदल्या आठवड्यात सगळा कोड फेकून पुन्हा लिहू म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक टीममध्ये असतो. बहुतेक वेळा तो चुकतो. रोरीने नंतर तीच काही गाणी जर्मनीत नव्याने वाजवून 'फोटो-फिनिश' काढला आणि तो खणखणीत निघाला, म्हणून त्याचं निभावलं. जुनं रेकॉर्डिंग डोनलने २०११ मध्ये, भावाच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी बाहेर काढलं. वाईट मुळीच नाही.

१९८२ च्या 'जिंक्स' नंतर सगळं थंडावलं. जमाना बदलला होता. सिंथेसायझर, व्हिडिओ, फुगवलेले केस. चौकटीचा शर्ट आणि जीन्स घालून ब्लूज वाजवणारा माणूस कंपन्यांना जुनाट वाटू लागला. रोरीचे कार्यक्रम चालू होते, युरोपात गर्दीही होती, पण नवा अल्बम पुरा होईना. वाजवायचं, ऐकायचं, पुन्हा वाजवायचं. त्यात विमानाची भीती वाढत गेली. वर्षातले कित्येक महिने दौऱ्यावर असणाऱ्या माणसाला ही भीती, म्हणजे विचार करा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्या चालू राहिल्या. त्यावर दारू. लग्न केलं नाही. घर म्हणावं तर लंडन, पण तेही नावापुरतं.

देशाचीही अवस्था तेव्हा बिकट होती. नोकऱ्या नव्हत्या, तरुण पोरं लंडन-बॉस्टनला निघाली होती. जानेवारी १९८६ मध्ये थिन लिझीचा फिल लायनट छत्तिसाव्या वर्षी गेला. त्याच मे महिन्यात डब्लिनला बेरोजगारांसाठी 'सेल्फ एड' नावाची मोठी मैफल झाली. रोरी तिथे वाजवून गेला. आज आपण ज्या देशात नोकरीसाठी येतो, तो चाळीस वर्षांपूर्वी आपलीच पोरं विमानतळावर सोडायला जात होता.

आणि १९८७ च्या उन्हाळ्यात 'डिफेंडर' आला. मोठ्या कंपनीशी करार राहिला नव्हता, म्हणून रोरीने स्वतःच्या लेबलवर तो काढला. लेबलचं नाव 'कापो', गिटारच्या मानेवर लावायच्या चिमट्याला म्हणतात तेच. ऐंशीच्या दशकाला खूश करायची धडपड त्यात कुठेच नाही. गिटार, बेस, ड्रम, माउथऑर्गन. पहिलंच गाणं 'किकबॅक सिटी', लाचखोरीने पोखरलेल्या शहराचं. त्याच वर्षी बोफोर्समुळे 'किकबॅक' हा शब्द आपल्याकडे घराघरात पोचला होता, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. 'लोनशार्क ब्लूज' सावकाराच्या तावडीत सापडलेल्या माणसाचं. आपल्याला सावकारी पाश म्हटल्यावर वेगळं समजवावं लागत नाही. 'कॉन्टिनेंटल ऑप' हे गाणं डॅशिएल हॅमेटच्या गुप्तहेरावरचं. रोरी रहस्यकथांचा भक्त होता. कॉर्कऐवजी गिरगावात वाढला असता तर बाबूराव अर्नाळकरांचा ढीग उशाशी घेऊन झोपला असता.

माझं आवडतं 'लोनशार्क ब्लूज'. आवाज आता भरदार, थोडा खरखरीत झालाय. पंचविशीतला रोरी बोटांचा वेग दाखवायचा. इथला रोरी दोन सुरांच्या मध्ये थांबतो, आणि त्या थांबण्यातच अडकलेल्या माणसाची घालमेल ऐकू येते. पाच वर्षं काय चाललं होतं ते त्याने मुलाखतीत सांगण्यापेक्षा इथे जास्त कळतं.

या अल्बमने तो पुन्हा मोठा स्टार झाला असं नाही. नव्या पिढीच्या चॅनेलवर तो दिसला नाही. पण त्याच वर्षी कॉर्क ऑपेरा हाऊसमध्ये झालेल्या कार्यक्रमाचं चित्रीकरण उपलब्ध आहे, ते जरूर बघा. चेहरा सुजलेला, शरीर जड झालेलं, वय फक्त एकोणचाळीस. आणि गिटार हातात आल्यावर तोच रोरी, घामाने निथळणारा. हे पुनरागमन यशस्वी झालं का, असं कोणी विचारलं तर मी विक्रीचे आकडे बघणार नाही, हे चित्रीकरण दाखवेन. तरी त्याचा चेहरा पाहून काळजी वाटतेच. गोळ्या, दारू आणि हॉटेलातल्या खोल्या यांनी त्याला आतून पोखरलं होतं, आणि स्टेजवर तो इतका चोख होता की बघणाऱ्यांना ते कळणं कठीण. परदेशात एकट्या राहणाऱ्या पोराचं 'मी मजेत आहे' फोनवर ऐकून घरच्यांना जेवढं कळतं, तेवढंच.

१९९० मध्ये 'फ्रेश एव्हिडन्स' आला, तोही उत्तम. तो त्याचा शेवटचा स्टुडिओ अल्बम. १९९१ मध्ये जेरी मॅकअव्हॉय आणि ड्रमर ब्रेंडन ओनील दोघेही बाहेर पडले. नव्या साथीदारांना घेऊन रोरी वाजवत राहिला. शेवटची वर्षं तो लंडनमध्ये एका हॉटेलातच राहायचा. १० जानेवारी १९९५ ला नेदरलँड्समध्ये त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. वीस वर्षांपूर्वी स्टोन्सना सोडून जपानला निघाला होता, तोच देश. मार्चमध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. यकृत निकामी झालं होतं. प्रत्यारोपण झालं, सुधारणाही दिसू लागली, पण जंतुसंसर्ग झाला आणि १४ जून १९९५ ला तो गेला.

डोनलने त्याला कॉर्कला आणलं. बॅलिनकॉलिगजवळच्या सेंट ऑलिव्हर्स दफनभूमीत त्याची कबर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये घरच्यांनी ती स्ट्रॅटोकास्टर लंडनमध्ये लिलावाला काढली, तेव्हा गिटार देशाबाहेर जाऊ नये म्हणून आयर्लंडमध्ये बरीच ओरड झाली. शंभर पौंडांची गिटार ८,८९,४०० पौंडांना गेली. डब्लिनच्या एका मोठ्या आयोजक कंपनीने ती नॅशनल म्युझियम ऑफ आयर्लंडला देण्यासाठी घेतली. तिचा मूळचा रंग आता जेमतेम कडांना उरलाय, बाकी सगळं घामाने आणि वापराने उघडं पडलेलं लाकूड आहे.

कोणाला ऐकायचं असेल तर सुरुवात 'डिफेंडर'पासून करू नका. आधी 'आयरिश टूर' ऐका, तेही मोठ्या आवाजात. मग एक-दोन आठवडे जाऊ द्या. 'डिफेंडर' नंतर, रात्री, हेडफोन लावून. आणि कॉर्कला आलात तर ऑपेरा हाऊस त्या चौकापासून चालत पाच मिनिटांवर आहे.