यात्रेतला खराटा
— बी. ए. द्वितीय वर्ष

२०२० साली आषाढीची पायी वारी निघाली नाही. संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरपूरला गेल्या आणि माझे आजोबा टाळ मांडीवर घेऊन दिवसभर ओसरीवर बसून राहिले. पुढच्या वर्षी चैत्रात, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, शेजारच्या गावी बंदी असूनही सप्ताह बसला. आजोबांनी हट्ट धरला. घरात कोणाला न सांगता मीच त्यांना सायकलवर बसवून काल्याच्या कीर्तनाला नेले. आठवडाभराने त्यांना ताप भरला. तीन आठवडे दवाखान्यात काढून ते परत आले. त्यांच्या पंगतीला बसलेले दोघे मात्र आले नाहीत.

देवाच्या दारी जाण्याची ओढ खोटी की साथीचे नियम खोटे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. त्याचे उत्तर शोधताना मला एका निरक्षर माणसाचे चरित्र सापडले. ते संत गाडगेबाबांचे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात शेणगाव येथे, परीट कुटुंबात झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले आणि आई सखूबाईने मुलाला घेऊन माहेर गाठले. मामाच्या घरी दापुऱ्याला डेबूजींनी गुरे राखली, नांगर धरला. शाळेची पायरी मात्र त्यांना चढायला मिळाली नाही. पुढे लग्न झाले, मुले झाली. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले.

तो काळ साथींचा होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पाठोपाठ १८९७ चा साथरोग कायदा आला. हाच कायदा २०२० साली आपल्या राज्यात पुन्हा लागू झाला. १८९९ ते १९२३ या काळात पटकीची सहावी जागतिक साथ चालू होती. यात्रा म्हणजे पटकीला आयते रान. हजारो माणसे एकाच नदीत स्नान करीत, तिच्याच काठी शौचाला बसत आणि तिचेच पाणी पीत. यात्रेकरू घरी परतले की साथही त्यांच्याबरोबर गावोगाव पोहोचे. सरकार बंदी घाली, तपासण्या करी, टोचण्या देई. लोकांना ती धर्मातली ढवळाढवळ वाटे. मग मरीआईपुढे बकरा कापला जाई.

बाबांनी वेगळीच वाट धरली. ते यात्रेला आवर्जून जात, पण देवळाच्या रांगेत उभे राहत नसत. पूर्णाकाठी ऋणमोचन येथे पौषातल्या रविवारी यात्रा भरते. तेथे लोक चिखलातून घसरत नदीत उतरत. बाबांनी आधी स्वतः खपून वाट नीट केली आणि पुढे घाट बांधला. पंढरपूरला दाटी झाली की ते चंद्रभागेच्या वाळवंटात खराटा घेऊन उतरत. दिवसा गावाची घाण काढायची आणि रात्री कीर्तनातून मनाची, असा त्यांचा नेम होता. कीर्तनात ते श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. देवापुढे मुके जनावर कापू नका, दारू सोडा, शिवाशीव पाळू नका, कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, हे ते गावोगाव सांगत फिरले.

देणग्या आल्या त्यांतून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. उघड्यावर पडणाऱ्या यात्रेकरूला छप्पर मिळाले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. स्वतः बाबा मात्र कोठेच मुक्कामी राहिले नाहीत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीकाठी त्यांनी देह ठेवला.

मित्रहो, बाबांनी भक्ताला यात्रेतून हाकलले नाही. यात्रेतल्या घाणीला मात्र थारा दिला नाही. जंतूंचे शास्त्र ते पुस्तकातून शिकले नव्हते. पण माणसाला जपणे हीच देवपूजा, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. कोरोना काही खराट्याने झाडून जाणारा नव्हता. त्या दिवसांत घरी थांबणे हाच खराटा होता. तो हाती घ्यायचे त्या दिवशी मला सुचले नाही, आणि त्या दोन रिकाम्या पाटांचा हिशेब मला अजून देता येत नाही.

यंदा आमच्या गावच्या सप्ताहाआधी आम्ही चार मुलांनी मंदिरामागचा उकिरडा उपसला आणि पाण्याच्या टाक्या घासल्या. आजोबांना आता चार पावले टाकली तरी धाप लागते. ते पारावर बसून कोणता कोपरा राहिला ते काठीने दाखवीत होते. घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण ज्या माणसाने शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याच्याकडूनच मला हा धडा शिकावा लागला. त्या कर्मयोग्याला माझे विनम्र अभिवादन!