१०० डॉलरच्या नोटेवरच्या माणसानं लहानपणी स्विम फिन्स बनवल्या होत्या, त्या का फसल्या हेही त्यानंच सांगून ठेवलंय

अमेरिकेच्या १०० डॉलरच्या नोटेवर मानेपर्यंत केस वाढवलेला, पुढून टक्कल पडलेला एक म्हातारा दिसतो. तो बेंजामिन फ्रँकलिन. अनेकांना वाटतं हा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष असणार. तो कधीच राष्ट्राध्यक्ष नव्हता. छापखानेवाला, लेखक, विजेवर प्रयोग करणारा, राजदूत असं बरंच काही तो होता.

आणि याच माणसाचं नाव इंटरनॅशनल स्विमिंग हॉल ऑफ फेममध्येही आहे. १९६८ साली, म्हणजे मरणानंतर पावणेदोनशे वर्षांनी, तिथं त्याला जागा मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, नोटेवरच्या म्हाताऱ्याचा आणि पोहण्याचा काय संबंध? त्यासाठी बोस्टनला जावं लागतं.

१७ जानेवारी १७०६ ला तिथं बेनचा जन्म झाला. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. त्यांना एकूण १७ मुलं, त्यात बेन पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं झाली आणि दहाव्या वर्षी तो वडिलांच्या धंद्याला लागला. चरबी वितळवणं, वाती कापणं. त्याला हे काम अजिबात आवडायचं नाही.

त्याला हवा होता समुद्र. पण थोरला भाऊ असाच घर सोडून समुद्रावर गेला होता, त्यामुळे वडिलांनी साफ नकार दिला. मग बेननं खाडीवर आणि तळ्यावर भागवलं. होडी चालवायला शिकला, पोहायला शिकला. पुढे पोहण्यावरचं तेव्हाचं गाजलेलं तेवनोचं पुस्तक हाती लागलं, तर त्यातला एकेक प्रकार पाण्यात करून बघितला.

तरी वेग पुरेना, म्हणून पोरानं जुगाड केलं.

चित्रकाराची रंग कालवायची लाकडी पाटी असते ना, तशा दोन अंडाकृती पाट्या त्यानं बनवल्या. साधारण १० इंच लांब, ६ इंच रुंद, अंगठा घालायला भोक. त्या हातात धरून पाणी मागे ढकलायचं. वेग वाढला! पण थोड्याच वेळात मनगटं भरून आली.

मग त्यानं तशाच पट्ट्या चपलेसारख्या तळपायाला बांधल्या. या मात्र त्याला पटल्या नाहीत. इथंच त्याच्या डोक्याची कमाल आहे. वस्तू फसली की आपण ती कोपऱ्यात टाकतो. बेननं ती का फसली हे शोधलं. पोहताना पायाचा सगळा जोर तळव्यातून जात नाही, काही जोर पायाची आतली बाजू आणि घोटाही लावतात, हे त्याच्या लक्षात आलं. पट्टी होती फक्त तळव्याला.

तेव्हाचं पोहणं म्हणजे आजच्या ब्रेस्टस्ट्रोकच्या जवळचं, बेडकासारखे पाय मारायचं. त्या पायाला ती चप्पल जुळत नव्हती.

आज स्कूबा डायविंगसाठी फिन्स घ्यायला गेलेला माणूस गोंधळतो, तो याच दोन मुद्द्यांवर. पातं केवढं आणि पाय कसा मारणार?

पातं मोठं आणि कडक असेल तर एका फटक्यात जास्त पाणी ढकललं जातं, पण त्याची किंमत पोटऱ्या मोजतात. बेनची मनगटं भरून आली, डायव्हरच्या पोटरीत गोळा येतो. म्हणून नवशिक्यानं दुसऱ्याच्या लांबलचक फिन्स बघून हरखून जाऊ नये. तेवढ्या लांब फिन्स बहुतेक फ्रीडायव्हर वापरतात, जे एका श्वासात खाली जाऊन वर येतात. पाठीवर सिलेंडर असलेल्याला मध्यम पातं बरं.

दुसरा मुद्दा पाय मारण्याचा. बहुतेक नवे डायव्हर पाय आळीपाळीनं वर-खाली मारतात. त्यांना मधून चिरलेल्या, माशाच्या शेपटीसारख्या स्प्लिट फिन्स हलक्या जातात, गुडघ्या-घोट्यावर ताण कमी येतो. पण बुडालेल्या जहाजात किंवा गुहेत शिरायचं असेल तर वर-खाली पायांनी तळाचा गाळ उडतो आणि पुढचं दिसेनासं होतं. तिथं बेडूक-पायच लागतात. त्यासाठी आखूड, रुंद, कडक पात्याच्या फिन्स. स्प्लिट फिन्स इथं कमी पडतात, मागे सरकताना तर फारच. म्हणजे बेनच्या पायांना शोभतील अशा फिन्स आज मिळतात, पण पातं बोटांच्या पुढे गेलेलं असतं आणि लवचिक असतं. १९३३ साली पूर्वी फ्रेंच नौदलात असलेल्या लुई द कॉर्लिय यानं रबरी फिन्सचं पेटंट घेतलं, तिथून हा प्रकार रुळला. बेनकडे लाकूड होतं, रबर नव्हतं.

राहिलं पाऊल. कोमट पाणी आणि होडीतून थेट उडी असेल तर बुटासारख्या बंद टाचेच्या फिन्स अनवाणी घालता येतात. दगडधोंड्यांच्या किनाऱ्यावरून चालत उतरायचं असेल किंवा पाणी गार असेल तर आत जाड बूट आणि त्यावर पट्ट्याच्या, उघड्या टाचेच्या फिन्स. सैल फिन फोड आणते, घट्ट फिन गोळा आणते. रंग शेवटी बघायचा.

असो. बेनकडे परत.

बाराव्या वर्षी त्याला भाऊ जेम्सच्या छापखान्यात उमेदवारीला घातलं. भाऊ मारायचा. १७ व्या वर्षी बेन फिलाडेल्फियाला पळाला आणि पुढच्याच वर्षी लंडनला पोचला. तिथं छापखान्यात काम करताना त्यानं मित्रांना पोहायला शिकवलं. १७२६ साली चेल्सीहून परतताना मित्रांनी गळ घातली, तसा कपडे काढून थेम्समध्ये उडी घेतली आणि ब्लॅकफ्रायर्सपर्यंत पोहत गेला. अंतर जवळपास साडेपाच किलोमीटर, वाटेत पाण्याखालचे-वरचे खेळ करत.

ही गोष्ट सर विल्यम विंडम या बड्या राजकारण्याच्या कानावर गेली. माझ्या दोन्ही मुलांना शिकव, असा निरोप आला. चांगले पैसे मिळाले असते. लंडनमध्ये पोहण्याची शाळा काढावी असा विचार फ्रँकलिनच्या मनात येऊन गेला. पण अमेरिकेला परतायचं ठरलं होतं, मुलं अजून लंडनला आली नव्हती. निरोप थोडा आधी आला असता तर तो कदाचित तिथंच पोहण्याचा मास्तर झाला असता आणि नोटेवर आज दुसरंच कुणी असतं.

परतल्यावरचं बरंचसं पाठ्यपुस्तकात असतं. छापखाना, वर्तमानपत्र, १७५२ चा पतंगाचा प्रयोग, वीजवाहक, १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, फ्रान्समधली वकिली. त्याच्या घरी गुलाम होते, आणि उतारवयात तोच पेन्सिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला.

पाणी मात्र सुटलं नाही. नॅनटकेटच्या व्हेल पकडणाऱ्या कप्तानाकडून, म्हणजे आपल्याच नातलगाकडून, माहिती घेऊन त्यानं गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाचा नकाशा छापून घेतला. पोहायला घाबरणाऱ्या एका मित्राला पत्रातून उपाय सांगितला. छातीभर पाण्यात जा, किनाऱ्याकडे तोंड कर, समोर अंडं टाक आणि ते उचलायला बुडी मार. आपोआप वर ढकलला जाशील आणि पाणी आपल्याला उचलून धरतं हे कळेल. आपल्याकडे विहिरीत पोराच्या पाठीला डबा बांधतात. फ्रँकलिनला अशा आधाराचं वावडं नव्हतं, पण पाण्यावर भरवसा बसल्याशिवाय पोहणं येत नाही असं त्याचं म्हणणं होतं.

लहानपणीच्या पाट्यांची गोष्टही पत्रातूनच कळली. १७७३ च्या सुमारास एका फ्रेंच मित्राला त्यानं ती लिहिली. सोबत पतंगाचीही. पोरगा असताना एकदा त्यानं पाण्यात उताणं पडून पतंगाची दोरी धरली आणि जवळपास मैलभर रुंद तळं हात न हलवता पार केलं. कपडे मित्र काठाकाठानं घेऊन गेला. याच पद्धतीनं इंग्लिश खाडी ओलांडता येईल असं त्याला वाटत होतं, पण बोट बरी हेही त्यानं कबूल केलं.

१७८५ साली तो फ्रान्सहून कायमचा घरी निघाला. वय ७९, मूतखड्यानं हैराण. वाटेत साउथहॅम्प्टनला खाऱ्या पाण्याच्या गरम हौदात उतरला, पाठीवर तरंगला आणि तसाच झोपी गेला. जाग आल्यावर घड्याळ पाहिलं तर जवळपास एक तास झाला होता. ना बुडाला होता, ना कुशीवर वळला होता. असं याआधी कधी झालं नव्हतं, हे त्यानं डायरीत नोंदवून ठेवलं.