सायकलवाले लक्ष्मणराव

लक्ष्मणराव किर्लोस्कर म्हटलं की आपल्याला पंप आणि नांगर आठवतात. पण मित्रांनो, त्यांच्या धंद्याची सुरुवात झाली ती सायकलीपासून!

जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथे कळलं की काही रंग आपल्याला नीट ओळखूच येत नाहीत. दुसरा कोणी गाशा गुंडाळून घरी गेला असता. पण सरळ रेषेला रंग लागत नाही. त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं आणि पुढे व्ही.जे.टी.आय.मध्ये तेच शिकवलं.

१८८८ साली भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलचं दुकान निघालं. विक्री आणि दुरुस्ती, दोन्ही. सायकल दिसायला साधी, पण ती डोळ्याची परीक्षा घेते. आमच्या सीनिअर्सनी पाइप वेल्ड करून एक फ्रेम बनवली होती, बघायला एकदम झकास. मग मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या एका खाचेतून दोरा काढून, हँडलच्या नळीला वळसा घालून, दुसऱ्या खाचेत ताणून बांधला. सीटच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर दोन्हीकडे सारखं हवं. निघाला चार मिलिमीटरचा फरक! वेल्ड थंड होताना नळी ओढून घेतं, ते नुसत्या डोळ्याला कुठलं दिसायला? दोरा मात्र कुणाची भीड ठेवत नाही.

व्ही.जे.टी.आय.मध्ये बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. बेळगावात आधी कडबा कापायचं यंत्र, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी म्हणायचे. मला त्यात त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. आमच्या घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात बघितल्याशिवाय कोणी पैसे काढत नाही, मग नव्या नांगरावर लगेच विश्वास कोण ठेवणार? तो नांगर शेतात चालवून दाखवावा लागला.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. निवडुंग आणि साप! १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणराव १९५६ साली गेले. तिथल्या कारखान्यात आजही पंप बनतात.