विश्लेषण : कागदाच्या थरांतून फुले घडवणाऱ्या मेरी डिलेनी कोण होत्या?
कागद चिकटवून चित्र करण्याच्या ‘कोलाज’ कलेचे श्रेय सहसा पिकासो आणि ब्राक यांना, म्हणजे १९१२ सालाला दिले जाते. त्याच्या १४० वर्षे आधी इंग्लंडमधील ७२ वर्षांच्या एका विधवेने जवळपास हेच काम केले होते.

मेरी यांचा जन्म १७०० सालचा. सतराव्या वर्षी घरच्यांनी त्यांचे लग्न साठीला टेकलेल्या माणसाशी लावून दिले. पंचविशीच्या आत त्या विधवा झाल्या. दुसरे पती, आयर्लंडमधील धर्मगुरू पॅट्रिक डिलेनी १७६८ मध्ये गेले. त्यानंतर पोर्टलंडच्या डचेस या मैत्रिणीकडे असताना १७७२ मध्ये त्यांना जेरेनियमच्या पाकळीशी तंतोतंत जुळणारा कागद दिसला. भरतकामात मुरलेला हात होताच, त्यांनी कात्री उचलली.

पद्धत अशी : आधी कागद काळा रंगवायचा. खरे फूल समोर ठेवून रंगीत कागदाचे बारीक तुकडे कातरायचे आणि छटेनुसार एकावर एक चिकटवायचे. शिरांसाठी केसासारख्या पट्ट्या, मध्येच जलरंगाचा हात, तर कधी चक्क खरे वाळलेले पान! एका कृष्णकमळात दोनशेहून अधिक तुकडे आहेत. पुंकेसरसुद्धा मोजून लावलेले. म्हणूनच याला नुसता छंद म्हणणे अन्यायाचे ठरेल.

दहा वर्षांत ९८५ फुले झाली. संकल्प हजाराचा होता, पण १७८२ मध्ये नजरेने साथ सोडली. १७८८ मध्ये त्यांचे निधन झाले. ही फुले आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.