टाकळीची टेकडी आणि चांद्याची वाट

शनिवार-रविवारची सुट्टी गाठून पाठीवर पिशव्या टाकून निघालेली मित्रमंडळी आता चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतही दिसू लागली आहेत. कुणी नागभीडकडच्या सातबहिणी डोंगररांगेतला पेरजागड चढतो, कुणी रामदेगीची वाट धरतो, कुणी गडचांदूरजवळच्या माणिकगडावर जातो. धाडसी मंडळी गडचिरोलीतल्या टिपागडापर्यंत मजल मारतात. सह्याद्रीतल्या भटक्यांना आपले पूर्वसूरी ठाऊक असतात. विदर्भातल्या भटक्यांना मात्र आपल्या वाटांवर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दोन मित्र दगड फोडत हिंडले होते, याची सहसा कल्पना नसते. त्या दोघांपैकी एकाचे नाव नागपूरकरांच्या रोजच्या बोलण्यात आहे. पण ते माणसाचे नाव म्हणून नव्हे, तर महाविद्यालयाचे नाव म्हणून. ते म्हणजे स्टीफन हिस्लॉप.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या लहानशा गावी झाला. थोरले बंधू अलेक्झांडर पुढे धर्मोपदेशक झाले आणि धर्मविषयक वादग्रंथामुळे गाजले. स्टीफन यांनी एडिंबरा आणि ग्लासगो येथे शिक्षण घेतले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. या नव्या पंथाने भारतात पाठविलेल्या मिशनऱ्यांमध्ये हिस्लॉप होते. १८४४ च्या डिसेंबरात ते पत्नीसह मुंबईला उतरले आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपूरला पोचले. त्या वेळी नागपूरच्या गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. इंग्रजांची फौज कामठीला आणि रेसिडेंट सीताबर्डीला, अशी व्यवस्था होती.

हिस्लॉप मराठी शिकले. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा काढली. तीच पुढे वाढत गेली आणि १८८३ मध्ये तिच्यातून त्यांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले. ज्या कामासाठी ते आले होते त्यात मात्र त्यांना फारसे यश लाभले नाही. धर्मांतर करणाऱ्यांची संख्या अखेरपर्यंत थोडीच राहिली. त्यांचे नाव टिकले ते शाळेमुळे आणि मिशनच्या हिशेबात ज्याची नोंद होत नव्हती अशा एका छंदामुळे.

या छंदाला जोडीदार मिळाला तो रॉबर्ट हंटर यांच्या रूपाने. हिस्लॉप यांच्याहून काही वर्षांनी धाकटे असलेले हंटर १८४७ च्या सुमारास नागपूरला आले. दोघांनाही वनस्पती, कीटक, शंखशिंपले, दगड अशा सगळ्यांचीच ओढ होती. रविवार उपासनेचा, बाकीचे दिवस शाळेचे आणि प्रवचनांचे. तेव्हा आजच्यासारखी सुट्टीतली सहल त्यांच्या वाट्याला येणे शक्य नव्हते. सकाळ-संध्याकाळची फेरी आणि हिवाळ्यातले प्रचारदौरे एवढाच काय तो त्यांचा अवकाश. राहुटी, बैलगाडी, तट्टू आणि बरेचसे पायी चालणे, अशा थाटाचे हे दौरे असत. गावात मुक्काम पडला की उपदेश, आणि गाव ते गाव या वाटेवर दगडांची पाहणी. विदर्भातला हिवाळा चालण्यास उत्तम. पण तो संपताच ऊन तापते आणि पावसाळ्यात काळ्या मातीची वाट माणसाला पाऊल उचलू देत नाही. म्हणजे वर्षातले जेमतेम चार महिने.

१८५१ मध्ये नागपूरच्या वायव्येस असलेल्या टाकळीच्या टेकडीने या छंदाला एकाएकी वजन आणून दिले. दख्खनचे पठार ज्या काळ्या कातळाचे बनले आहे, तो लाव्हारस थंड होऊन झालेला आहे. त्याच्या दोन थरांच्या मध्ये, भाकरीच्या दोन पदरांमध्ये सारण असावे तसा मातकट खडकाचा एक पातळ थर या दोघांना दिसला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख होते, फळे आणि बिया होत्या, कीटकांच्या पंखांची कवचेही होती. याचा अर्थ असा की एक लाव्हा पसरून थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत बराच काळ गेला होता. त्या काळात तेथे तळी साचली, झाडे वाढली, जीव नांदले आणि मग पुन्हा आगीचा लोट आला. अशा थरांतील जीवाश्म इतर ठिकाणी त्यापूर्वीही सापडले होते. पण घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर इतका समृद्ध साठा मिळणे आणि तो चिकाटीने वर्षानुवर्षे उकरून वर्गवार लावणे, हे या जोडीचे काम. नागपूर शहर आज त्या टेकड्या ओलांडून कितीतरी पुढे गेले आहे.

टाकळीनंतर त्यांच्या शोधाची कक्षा रुंदावली. उत्तरेस कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या वालुकाश्मात त्यांना दगडात उमटलेली पाने मिळाली. दक्षिणेची वाट चांद्याची. वरोऱ्याच्या परिसरातील मांगली येथून एका प्राचीन उभयचर प्राण्याची पसरट कवटी त्यांच्या संग्रहात आली. ती लंडनला गेली आणि त्या काळातले शरीररचनेचे सर्वांत मोठे जाणकार रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन करून त्या प्राण्याला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. हा प्राणी सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे, असे आज मानले जाते. त्याच वर्षी हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरील संयुक्त निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मांगलीपासून जवळच पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथील जीवाश्मांची नोंद हिस्लॉप यांच्या १८६० च्या निबंधात आहे. पिसदुऱ्याची हाडे पुढे महाकाय डायनासोरांची ठरली. या गावाचे नाव जगभर गाजले ते मात्र २००५ मध्ये. लखनौच्या बिरबल सहानी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण दाखवून दिले आणि डायनासोरांच्या काळी गवत नव्हतेच, हा समज मोडीत काढला. किमान पाच प्रकारची गवते त्या विष्ठेत होती. वरोरा तालुक्यातल्या शेतांत ज्या गोट्यांना पायाने बाजूला सारले जाते, त्यांत केवढा इतिहास दडला असावा!

चांद्याच्याही पुढे, प्राणहितेच्या काठाने सिरोंच्यापर्यंत गेले की कोटा हे गाव लागते. येथील दगडी मासे हिस्लॉप यांच्या आधीच इतरांना सापडले होते आणि १८५१ मध्ये त्यांचे वर्णनही झाले होते. नदीच्या पलीकडे, आज तेलंगणात असलेल्या मालेरीच्या तांबड्या मातीतून फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या माशांचे दात हिस्लॉप यांच्याकडे आले. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये त्यांतून तीन जाती वेगळ्या काढल्या. एकीला हिस्लॉप यांचे नाव, दुसरीला हंटर यांचे आणि तिसरीचे नाव विरापा. पहिली दोन नावे साहेबांची. तिसरे उघडच दक्षिणेकडचे आहे. त्या शतकातल्या लॅटिन नावांच्या यादीत असे नाव फार क्वचित आढळते, म्हणून ते मुद्दाम लक्षात ठेवावे.

मांगली, मालेरी, कोटा आणि नागपूरचे वालुकाश्म यांचा काळाच्या शिडीवर क्रम कसा लावायचा, हा प्रश्न हिस्लॉप यांना शेवटपर्यंत छळत राहिला. त्यांची काही उत्तरे चुकली. लाव्हाच्या थरांमधील जीवाश्म त्यांनी प्रत्यक्षाहून अलीकडचे मानले, तर कोळशाबरोबरच्या वालुकाश्माला तो आहे त्यापेक्षा कितीतरी तरुण ठरविले. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. परंतु प्रश्न त्यांनी नेमका पकडला होता. सिलेवाड्याच्या पानांतील एका जातीला चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये हिस्लॉप यांचे नाव दिले. अशाच वनस्पतींच्या आधारे पुढे भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया एकेकाळी सलग भूमी होती, ही कल्पना उभी राहिली. या भूमीला मिळालेले गोंडवन हे नाव याच मुलखाचे. वरोऱ्यात दगडी कोळसा निघू लागला तो हिस्लॉप यांच्या पश्चात, १८७० च्या दशकात.

या भटकंतीत त्यांना दगडांइतकीच माणसेही भेटत होती. गोंड समाजाची भाषा, देवदेवता आणि चालीरीती यांची टिपणे हिस्लॉप जमवू लागले. गोंडांच्या साडेबारा शाखा मानल्या जातात. त्यांच्या यादीत चंद्रपूरकडचे कोलाम आणि आजच्या गडचिरोलीतले माडिया यांचाही समावेश आहे. अनेक भाषांतील शब्दांची तुलनात्मक कोष्टके त्यांनी तयार केली. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे लिंगो या गोंडांच्या आद्यपुरुषाचे प्रदीर्घ कथागीत. प्रधान हे गोंडांचे परंपरागत गायक. त्यांच्या मुखातून हे गीत हिस्लॉप यांनी गोंडी शब्दांत, ओळीओळीने लिहून घेतले. महादेवाने गुहेत कोंडलेल्या गोंडांची लिंगो सुटका करतो, ही त्यातली मध्यवर्ती कथा. धर्मप्रसारासाठी आलेल्या माणसाने दुसऱ्यांची धर्मकथा इतक्या निगुतीने उतरवून ठेवावी, यात विसंगती आहे खरी; पण ती विसंगती नसती तर ते गीत त्या काळच्या रूपात आज हाती नसते. त्यांच्या धर्मकार्याविषयी मत काहीही असो, या वहीचे ऋण मान्य करावेच लागते.

हंटर यांना नागपूरची हवा मानवली नाही. प्रकृती ढासळल्याने १८५५ च्या सुमारास ते मायदेशी परतले. आयर्लंडमधील शास्त्रज्ञ सॅम्युअल हॉटन यांनी १८५९ मध्ये नागपूरच्या दोन खनिजांना हिस्लॉपाइट आणि हंटराइट अशी नावे दिली. आजच्या खनिजशास्त्रात ती स्वतंत्र खनिजे म्हणून गणली जात नाहीत. नागपूरच्या तलावातील एका सूक्ष्म, वसाहत करून राहणाऱ्या जलचराच्या प्रजातीला मिळालेले हिस्लोपिया हे नाव मात्र अजून पक्के आहे. हिस्लॉप स्वतः मधल्या काळात रजेवर स्कॉटलंडला जाऊन आले आणि पुन्हा नागपुरात कामाला लागले. १८५३ मध्ये रघुजी वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये नागपूर नव्या मध्य प्रांताची राजधानी बनले. १८६२ मध्ये कारभार हाती घेतलेले रिचर्ड टेंपल हे प्रांताचा इतिहास आणि समाज यांबद्दल कुतूहल असलेले अधिकारी होते. हिस्लॉप यांच्याशी त्यांचे सूत जुळले.

१८६३ च्या सप्टेंबरात दोघे नागपूरच्या दक्षिणेस, आजच्या बुटीबोरीजवळच्या टाकळघाट येथे गेले. तेथे माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. खणले की त्यांत मडकी आणि लोखंडी वस्तू मिळतात. ही अतिप्राचीन दफने आहेत, हे आता सर्वमान्य झाले आहे. नागपूर विद्यापीठाने पुढे शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली टाकळघाट आणि खापा येथे रीतसर उत्खनन केले, त्याला तेव्हा एक शतक अवकाश होता. ४ सप्टेंबरच्या दिवशी वर्तुळांची पाहणी आटोपल्यावर गावातील शाळा पाहण्यासाठी हिस्लॉप मागे थांबले आणि संध्याकाळी एकटेच घोड्यावरून छावणीकडे निघाले. भाद्रपदातले ओढे फसवे असतात. वर आभाळ कोरडे दिसते आणि दूर कुठे पडलेल्या पावसाचे पाणी गुपचूप चढत येते. सकाळी सहज ओलांडलेला ओढा रात्री फुगला होता. घोडा छावणीवर आला तो रिकाम्या पाठीने. शोध घेतल्यावर त्या पाण्यात हिस्लॉप यांचा मृतदेह मिळाला. वयाची सेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले होते.

त्यांच्या मागे राहिलेल्या कागदांची जुळणी टेंपल यांनी केली. शब्दांची कोष्टके, टिपणे आणि लिंगोचे गीत असा तो संग्रह १८६६ मध्ये नागपुरात छापला गेला. पुढे गोंडांविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांना त्या पुस्तकापाशी यावे लागले.

हंटर मित्रामागे तीन दशकांहून अधिक काळ जगले. लंडनजवळच्या एपिंग अरण्याच्या कडेला, लाउटन येथे त्यांनी घर केले आणि १८७९ ते १८८८ या काळात सात खंडांचा एक विश्वकोशात्मक इंग्रजी शब्दकोश संपादित केला. १८९७ मध्ये ते वारले.