शक्तीचा जमाखर्च मांडणारा डॉक्टर

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने शास्त्रज्ञावर लेख लिहावा, हे आमच्या सायन्सच्या मित्रांना आगाऊपणाचे वाटेल. पण युलियस रॉबर्ट मायर हा गृहस्थ मला आमच्याच पंथातला वाटतो. निसर्गाच्या वहीत जमा आणि खर्च जुळलेच पाहिजेत, हा त्याचा जन्मभराचा हट्ट. (जमाखर्च हा शब्द कन्नडमध्येही जवळजवळ असाच आहे, हे पलीकडच्या विभागातील वाचकांना सांगायला नकोच.)

मायर जर्मनीतील हाइलब्रॉन गावचा. जन्म १८१४ चा, वडील औषधविक्रेते. लहानपणी त्याने आपोआप कायम फिरत राहील असे पाणचक्र बनवण्याची खटपट केली. ते अर्थातच फिरले नाही. भांडवलाशिवाय धंदा चालत नाही, हा धडा त्याला तेव्हाच मिळाला असावा.

पुढे तो डॉक्टर झाला आणि १८४० च्या फेब्रुवारीत रॉटरडॅमहून एका डच जहाजावर वैद्य म्हणून जावा बेटाकडे निघाला. सुराबाया बंदरात खलाशी आजारी पडले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याने दंडाची शीर कापून रक्त काढले, तो रक्त लालभडक! शिरेऐवजी चुकून धमनी कापली गेली की काय, असे वाटून तो घाबरला. तिथले डॉक्टर मात्र म्हणाले, उष्ण देशात असेच असते. दुसरा कोणी एवढ्यावर गप्प बसला असता. मायरने विचार केला, की अन्न शरीरात प्राणवायूबरोबर जळते आणि त्यातून ऊब मिळते. उष्ण हवेत ऊब कमी लागते, म्हणून प्राणवायूही कमी खर्च होतो व रक्त लाल राहते. पण माणूस नुसता उबदार राहत नाही, तो ओझीही उचलतो. म्हणजे ऊब आणि श्रम हे दोन्ही खर्च त्याच एका अन्नाच्या खात्यातून व्हायला हवेत. मग उष्णता आणि काम यांची आपसांत ठरलेली हुंडणावळ असलीच पाहिजे!

गंमत अशी, की रक्त लाल दिसण्याचे कारण मुख्यतः वेगळे आहे. उष्णतेने कातडीकडे रक्त जास्त वाहते. व्हाउचर चुकीचे, पण ताळा बरोबर, असे हे प्रकरण.

परत आल्यावर १८४१ मध्ये त्याने एका प्रसिद्ध नियतकालिकाकडे लेख पाठवला. त्यात पदार्थविज्ञानाच्या चुका होत्या. तो छापला गेला नाही. १८४२ मध्ये दुसरीकडे लेख आला आणि त्यात हुंडणावळीचा दरही होता. एखादे वजन सुमारे ३६५ मीटर उंचीवरून पडले, तर तेवढ्याच वजनाचे पाणी शून्यावरून एक अंश तापवता येईल. खरा आकडा ४२७ च्या आसपास आहे. १८४५ मध्ये त्याने स्वखर्चाने पुस्तिका काढली. वनस्पती सूर्यप्रकाश साठवतात, प्राणी ती शिल्लक खातात व त्यावरच स्नायू चालतात, असे त्यात मांडले होते. सजीवांसाठी वेगळी गूढ जीवनशक्ती मानायची त्याला गरज वाटली नाही. माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे काम हेच.

पण हाइलब्रॉनच्या या डॉक्टरला विचारतो कोण? इंग्लंडमध्ये जूलने स्वतंत्रपणे, काटेकोर प्रयोग करून तोच दर काढला आणि श्रेयाचा वाद पेटला. १८४८ मध्ये मायरची दोन मुले दगावली. मे १८५० मध्ये त्याने खिडकीतून उडी टाकली. तो वाचला, पण पुढे त्याला वेड्यांच्या इस्पितळात डांबले गेले. तिथून तो १८५३ मध्ये सुटला. काही वर्षांनी लीबिग या थोर रसायनशास्त्रज्ञाने तर तो इस्पितळातच वारल्याचे जाहीर सांगितले. माणूस गावात जिवंत, आणि खाते मात्र बंद!

१८६२ मध्ये टिंडल या शास्त्रज्ञाने लंडनच्या व्याख्यानात त्याचे श्रेय उघडपणे त्याच्या नावावर मांडले. रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक १८७० मध्ये जूलला मिळाले आणि पुढच्याच वर्षी मायरला. २० मार्च १८७८ रोजी तो क्षयाने वारला, हाइलब्रॉनमध्येच.